राजूची लाईन

अंबाजोगाईत ब्रॉडबँड येऊन दोनेक वर्षं झाली होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा गावाला नव्या वस्तूंचं याडच लागलं होतं म्हणा ना. ज्या घरात साधा फोन यायला बापाची अर्धी हयात खेटे घालण्यात गेली, त्याच घरातली पोरं आता दोन-दोन मोबाईल घेऊन मिरवायची. संगमेश्वरचं घर त्यातलंच. खाली भांड्यांचं दुकान, मागं एक खोली, अंगण आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. आणि आख्ख्या आळीत कुणाकडं नव्हती अशी एक चीज त्या घरात होती. दुकानाच्या गल्ल्यामागं इंटरनेटचा डबा बसवला होता आणि तिथनं वरच्या दोन्ही खोल्यांपर्यंत वायर फिरवलेली होती, खिळे मारून, कोपऱ्याकोपऱ्यातून नीट वळवून.

ती वायर ओढली होती धाकट्या भावानं, राजेश्वरनं. राजू म्हणायचे सगळे. हुशार पोरगं. कॉम्प्युटरचा क्लास करून गावात मशीन दुरुस्तीची कामं घ्यायचा. पुढं परळीकडून येताना घाटात मोटारसायकल घसरली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण मानेखालचं अंग गेलं. तेवढा उजवा हात वाचला, त्याची बोटं चालायची. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली, त्यामुळं आवाजही गेला. नळीत कफ साठला की एका यंत्रानं तो ओढून काढावा लागायचा, आणि ते काम आई करायची, गंगासागरबाई. आईला त्याचं बोलणं नुसतं ओठांवरून समजायचं. बाकी सगळ्यांशी तो कॉम्प्युटरवर टाइप करून बोलायचा. त्याच्या पलंगाला लावलेल्या मशीनवर लिहिलं की खाली गल्ल्यावरच्या मशीनवर चौकोन उघडायचा: ‘अण्णा, पाणी.’ ‘अण्णा, पंखा.’ ‘अण्णा, आईला वर पाठव.’ इंग्रजी अक्षरांत मराठी, पण भरभर. आधी एक बेल होती, ती त्यानंच काढायला लावली. म्हणाला, बेल वाजवून माणसं बोलवायला मी काय लॉजवर उतरलोय का?

तर असं सगळं बरं चाललेलं असताना संगमेश्वरचा मेव्हणा पुण्याहून आला. सोमलिंग त्याचं नाव, कंपनीत नोकरीला. शिवांजलीचा, म्हणजे संगमेश्वरच्या बायकोचा, पाठचा भाऊ. येताना बहिणीसाठी आपला जुना लॅपटॉप घेऊन आला आणि घरभर वायरी बघून हसला.

“दाजी, वायर आता कोण लावतं? समदं हवेतून चालतं. हे घ्या, अंगणात बसून बघा, माडीवर बसून बघा.”

संगमेश्वरला ते लागलं. आळीत ज्या वायरीची फुशारकी मारायची तीच जुनी झाली म्हणे! त्यानं लगेच लातूरला फोन लावून नव्या सामानाची चौकशी केली आणि आकडा ऐकून फोन ठेवून दिला. माणूस वाईट नव्हता, पण चिक्कू. गिऱ्हाइकाला घमेल्यावर सूट देताना सुद्धा त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

तोडगा राजूनं सांगितला. गल्ल्यावर चौकोन उघडला: ‘अण्णा, नवं कशाला घेतो? बसस्टँडजवळचं नेट कॅफे बंद पडतंय. त्यांच्याकडं वायरलेसचा जुना डबा हाय. आपल्या वायरीलाच जोडू. फुकटात काम.’

संगमेश्वर दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून गेला. कॅफेवाला खुर्च्या, पंखे, जे असेल ते काढून टाकत होता. डबा त्यानं जवळपास असाच देऊन टाकला. दोन छोट्या काळ्या दांड्या उभ्या असलेला, पाठीमागं वायरीची भोकं असलेला, धुळीनं माखलेला डबा. संगमेश्वरनं तो शर्टाला पुसला आणि डिकीत टाकला.

राजूनं मग चार दिवस त्याचं डोकं खाल्लं. एकच गोष्ट परत परत. नवा डबा आधी घराच्या वायरीला लावायचा नाही. आधी लॅपटॉपला एकटाच जोडून त्याच्या आत जायचं. कारखान्यातून येतानाच दोन्ही डब्यांचा नंबर, म्हणजे वायरीवरचा पत्ता, एकच असतो, तो बदलायचा. आणि हा डबाही घरातल्या मशीनांना नंबर वाटत बसतो, ते वाटणं बंद करायचं. नंबर वाटायचं काम एकट्या गल्ल्यावरच्या डब्याचं. दोघं वाटायला लागले तर एकच नंबर दोन मशीनांना जाईल, मग एकाचा निरोप दुसऱ्याला. ‘समजलं का अण्णा?’

“समजलं, समजलं,” असं संगमेश्वर टाइप करायचा आणि चौकोन बंद करायचा. खरं सांगायचं तर त्याला राग यायचा. ज्याच्या लघवीची पिशवी आपण बदलतो, तो आपल्याला अक्कल शिकवतो, असं काहीतरी त्याच्या मनात यायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. लाज वाटली की राग आणखी वाढायचा.

सोमवारी आईनं परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला जायचं काढलं. सोमलिंगची गाडी होती, शिवांजलीही निघाली. राजू अंथरुणाला खिळल्यापासून आई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. निघताना दहादा माघारी वळली.

“कफ काढलाय. नळी साफ हाय. पण दुपारी एकडाव बघ रं. त्यानं बोलावलं की लगीच जा.”

“अगं जा तू. मी हाय ना हितंच.”

“दुकानात न्हाई, ध्यान वर ठिव.”

“बरं म्हणलं ना!”

गाडी गेली. उन्हाचा नुसता जाळ होता. आळीत चिटपाखरू नाही, कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडलेली. लाईट गेलेली, पण इन्व्हर्टरवर दुकानाचं, मागच्या खोलीचं आणि वरच्या खोल्यांचं चालायचं. गिऱ्हाईक येण्याचा प्रश्नच नव्हता. संगमेश्वर उठला, वर जाऊन राजूला पाणी पाजलं, आणि झळा लागू नयेत म्हणून दार ओढून घेतलं. शेजारच्या खोलीत जाऊन त्यानं वायरलेसचा डबा हातात घेतला.

आता बघा, राजूनं सांगितलं होतं तसं करायला फार तर एक तास लागला असता. त्यानं लॅपटॉप जोडला, आत शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड मागितला. कॅफेवाल्याचा पासवर्ड काय ते ठाऊक नाही. राजूला विचारायचं म्हणजे पुन्हा शिकवणी. मसणात जाऊ दे, म्हणत त्यानं भिंतीतून आलेली वायर सरळ डब्यात खुपसली. डब्यावर हिरवे ठिपके लागले. लॅपटॉपची वायर काढली. आणि काय सांगावं, चालू! हवेतून चालू! क्रिकेटचा स्कोअर आपोआप पुढं सरकत होता.

तो जवळजवळ उड्या मारतच खाली गल्ल्यावर आला. तिथल्या मशीनवर राजूचा चौकोन उघडलेला होता: ‘अण्णा, लाईन मधीच जाऊन आली. डबा लावला का? थांब. आधी माझी लाईन तपास. मी लिहितो ते तुला पोचतंय का बघ.’

“चालू झालं. लई शहाणपणा करू नको,” संगमेश्वरनं लिहिलं. त्यावर राजूचं काही आलं नाही. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, गडी गप्प का बसला बघू. संगमेश्वरला बरं वाटलं. आज एकदाचा गप्प बसला, असं त्याला वाटलं, आणि हे जे बरं वाटणं होतं ना, ते त्याला पुढं जन्मभर आठवायचं होतं.

मग त्यानं लॅपटॉप दोन्ही हातांवर आडवा धरला आणि घरभर हिंडला. अंगणात गेला, चालू. स्वयंपाकघरात गेला, चालू. समोरच्या कापडवाल्याला, बाबूरावला, हाक मारून बोलावलं.

“काय बे संगम्या, वायर कुठाय?”

“वायर न्हाईच. बघ की.”

बाबूरावनं लॅपटॉपच्या खालून हात फिरवून बघितला. दोघं खूप हसले. बाबूराव गेल्यावर संगमेश्वर पायऱ्या चढून वर आला, माडीवर कसं चालतं ते बघायला. राजूच्या बंद दारासमोर उभा राहिला. तिथं तर सगळ्यात जोरात चालत होतं. आतून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती. भरभर, न थांबता. टकटक टकटक टकटक.

आत जावं का, असं त्याच्या मनात आलं. दाराच्या कडीला हातही लागला. पण आत गेलं की पुन्हा तेच, अण्णा नंबर बदलला का, अण्णा तपासलं का. कुणाशीतरी गप्पा मारतोय, मारू दे, असं म्हणून तो पाठ वळवून खाली आला आणि मागच्या खोलीत पंख्याखाली लॅपटॉप मांडीवर घेऊन मॅच बघत बसला. गल्ल्यावरचं मशीन पुढं चालूच होतं. त्यावर एकही चौकोन उघडला नाही.

संध्याकाळी गाडी आली. आई आधी वर गेली, हातात प्रसादाची पुडी.

तिच्या किंकाळीनं संगमेश्वर धावला. खोलीत डेटॉलचा आणि आणखी कसलातरी आंबूस वास. राजू उशीवरून घसरून कीबोर्डकडं कलंडलेला, हात पुढं, चेहरा काळानिळा. नळी तुंबली होती. आई त्याला छातीशी धरून हलवत होती. आणि संगमेश्वरची नजर गेली पडद्यावर. ‘अण्णा नळी.’ ‘अण्णा वर ये.’ ‘अण्णा.’ ‘अण्णा.’ खाली ओळीच्या ओळी, आणि शेवटाला तर शब्दच नाहीत, एकच अक्षर, बटणावर बोट तसंच राहून गेल्यासारखं, पडदा भरून.

जिन्यावर सोमलिंगच्या चपलांचा आवाज आला. संगमेश्वरनं हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. हे त्यानं विचार करून केलं नाही, पण केलं.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून भिंतीला टेकवायचं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं, आणि माती देईपर्यंत तो आपल्यातलाच एक होऊन आपल्यासमोर बसलेला असतो. मठातले म्हातारे जंगमअप्पा आले. त्यांनी राजूचा गुडघा दुमडायला घेतला. दुमडेना. हात खाली आणायला गेले, तो येईना. पुढं झेपावलेला तो हात तसाच लाकूड. चार जणांनी गरम पाण्यानं शेकून शेकून, अंग चोळून त्याला कसाबसा बसता केला.

अप्पांनी घाम पुसला. “संगमेश, याला जाऊन लई वेळ झालाय रं. दुपारीच गेलाय हा.”

खोलीतल्या सगळ्यांनी संगमेश्वरकडं बघितलं. आईनंही बघितलं.

“न्हाई,” तो म्हणाला. “दुपारनंतर बोलला की माझ्याशी. उन्हं कलली तवा. लिहिलं की… ‘अण्णा, झोपतो आता’ म्हणून.”

“झोपतो म्हणला?” आई म्हणाली.

“व्हय.”

अप्पांनी विभूतीचं ताट पुढं ओढलं. आई राजूच्या समोर बसली, ती त्याला माती द्यायला नेईपर्यंत तिथून हलली नाही. त्याच्या गळ्याशी उपरणं गुंडाळून नळीचं भोक झाकलेलं होतं. रात्रभर माणसं भिंतींना टेकून पेंगत होती आणि संगमेश्वर जिन्यावर बसून होता, त्याला वर यायचं धाडस झालं नाही.

दिवस झाले, कार्य झालं. पुण्याला परतण्याआधी सोमलिंगनं सहज म्हणून लॅपटॉप उघडला, दोन्ही डबे बघितले आणि म्हणाला, “दाजी, हे काय करून ठिवलंय? दोन्ही डबे नंबर वाटतायत. ह्या लॅपटॉपला अन् तुमच्या गल्ल्यावरच्या मशीनला एकच नंबर लागलाय. गल्ल्यावर जायाचं ते समदं ह्या लॅपटॉपमधी येऊन पडत असंल. अन् ह्याच्यात तो गप्पांचा प्रोग्राम न्हाई, म्हणून ह्याला त्याचं काई कळत नसंल.”

“म्हणजे… पोचत व्हतं?”

“पोचत व्हतं. पण ह्याच्यात.”

संगमेश्वरला घेरी आली. मांडीवरच्या त्या लॅपटॉपमध्ये राजू हाका मारत होता, आणि तो मॅच बघत होता. सोमलिंगला वाटलं भावाच्या आठवणीनं झालं असेल. त्यानं दाजींना पाणी दिलं, डबा काढून कपाटात ठेवला आणि लॅपटॉप सोबत घेऊन गेला.

आणि दुसऱ्या दुपारी टकटक सुरू झाली.

आधी त्याला वाटलं, पाल असेल. मग वाटलं, पंख्याचं पातं. दुकानात उन्हाची सुस्ती, गल्ल्यावर तो एकटा, आणि वरून, बंद खोलीतून, भरभर, न थांबता… टकटक टकटक. गल्ल्यावरच्या मशीनवर चौकोन उघडला. वर राजूचं नाव. खाली काहीच नाही, पांढरं. तो बंद केला तर पुन्हा उघडला. पुन्हा पांढरा.

अंगात होतं तेवढं बळ एकवटून तो वर गेला. दार उघडलं. डेटॉल आणि विभूतीचा वास. पलंग रिकामा. मशीनवर आईनं धुतलेलं धोतर घडी करून झाकलेलं. मशीन बंद. त्याची वीज काढलेली. त्यानं वाकून भिंतीतली इंटरनेटची वायरही उपसून काढली आणि खाली आला. गल्ल्यामागच्या डब्यावर राजूच्या वायरीचा हिरवा ठिपका लुकलुकतच होता. टकटकही चालूच होती. त्यानं शिवांजलीला हाक मारली.

“तुला आवाज येतो का गं?”

“कसला?”

“वरून.”

तिनं कान दिला. “न्हाई. तुमी जरा निजा बरं. डोळे बघा कसे झालेत.”

पुढं रोजच. उन्हं माथ्यावर आली की सुरू, उन्हं कलली की बंद. संगमेश्वर वाळत चालला. गिऱ्हाइकानं पातेलं मागितलं तर परात द्यायला लागला. त्याला भुताची भीती वाटत होती असं नाही, किंवा वाटत असेल, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आई आता जेवायला लागली होती. शेजारणी यायच्या, त्यांना सांगायची, “सुखात गेला माझा राजू. अण्णाला सांगून गेला, झोपतो म्हणून.” ते वाक्य ऐकलं की संगमेश्वर ताटावरून उठायचा. आईला खरं कळलं तर ती आपल्या हातचं पाणी पिणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि नाही सांगितलं तर ही टकटक. शेवटी त्यानं ठरवलं, सांगायचं. आधी बायकोला.

शिवांजली अंगणात वाळलेले कपडे घडी करत होती.

“ऐक,” तो म्हणाला. “त्या दिवशी राजू मला बोलवत व्हता. मी दारापस्तोर गेलतो. टकटक ऐकली. आत गेलो न्हाई.”

ती घडी करत राहिली. मग वर बघितलं. “काय म्हणालात?”

त्यानं परत सांगितलं, सगळं, सावकाश.

“अहो, बोला ना काय ते. नुसतं तोंडाकडं का बघताय?”

संगमेश्वरला स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. शेजारच्या भिंतीवर आपटून माघारी आल्यासारखा. “चहा कर,” तो म्हणाला, कसंतरी.

“करते की,” ती म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी तो मठात गेला. जंगमअप्पा ओट्यावर एकटेच बसले होते. संगमेश्वरनं पाय धरले. “अप्पा, मी खोटं बोललो. राजू दुपारीच गेला. माझ्यामुळं गेला.”

“हं, बोल की,” अप्पा म्हणाले.

“माझ्यामुळं गेला, अप्पा!”

अप्पा वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे. बोलाया येत न्हाई तर ऱ्हाऊ दे. दुःख मोठं हाय. पाणी घे.”

त्यानं तिथल्या तिथं विचारून बघितलं, “अप्पा, अमुश्या कवा हाय?”

“परवा,” अप्पा लगेच म्हणाले.

म्हणजे बाकी सगळं पोचत होतं. तेवढंच एक त्याच्या तोंडातून निघायचं आणि कुठंतरी जाऊन पडायचं, कुठं ते देव जाणे. घरी येताना रस्त्यात, बाजारात, त्यानं ते मोठ्यानं ओरडून बघितलं. भाजीवाल्या बायका त्याच्या आरपार आपल्या गिऱ्हाइकांशी बोलत राहिल्या. बाबूराव समोरून आला. “काय बे, कुठं गेलतास?” म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दुपारी टकटक सुरू झाली तेव्हा तो दुकान उघडं टाकून स्वयंपाकघरात गेला. आई खिडकीच्या उजेडात ज्वारी निवडत बसली होती. तो तिच्या पुढ्यात बसला, गुडघ्याला गुडघा लावून.

“आई…”

“हं.”

त्यानं सांगितलं. ती सुपात बघत होती. “काय रं?”

त्यानं परत सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आईनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. दोन बोटांनी त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. राजूचं वळवायची, अगदी तसंच. तिचे डोळे त्याच्या ओठांवर येऊन थांबले.

“सांग,” ती म्हणाली. “सावकाश सांग.”

त्यानं सांगितलं. लॅपटॉप, डबा, कडीला लागलेला हात, पडद्यावरच्या ओळी, भिंतीवरचं बटण, आणि ‘झोपतो’ हे कुणी म्हणालंच नव्हतं ते. सगळं. सांगता सांगता त्याच्या ध्यानात आलं, की वरची टकटक थांबलीय. घर एकदम सुनं झालं.

आईनं हनुवटी सोडली. पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“कळलं,” ती म्हणाली.

“आई, मार मला… शिव्या दे. काईतरी बोल.”

“काय बोलू? मला कवाच ठाव हाय.”

संगमेश्वरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “कुणी सांगितलं? अप्पांनी?”

“राजूनं.”

बाहेर दुकानात कुणीतरी गिऱ्हाईक हाका मारत होतं. “अहो, हाय का कुणी?” दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“कवा?” तो म्हणाला. आता त्याचा आवाज खरोखरच निघत नव्हता.

“भिंतीला बसवला व्हता न्हवं. मी म्होरंच व्हते. समदी पेंगली, अन् त्याचे ओठ हलाया लागले…” आईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. “मला काय त्याचे ओठ नवीन हायेत? पाहट हुईस्तोर सांगत व्हता. मी म्हणलं, अण्णा त्याच्या तोंडानं सांगंल तवा सांगंल. आपून कशाला विषय काढायचा.”

“काय… काय म्हणला?”

“तू आत्ता सांगितलंस तेच.” तिनं सुपातला एक खडा बाजूला टाकला. “अन् अजून एक.”

“काय, आई?”

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“ते तुला सांगू नको म्हणलाय,” ती म्हणाली, आणि खाली मान घालून ज्वारी निवडायला लागली.